पापणीच्या ‘रिकव्हरी’चे ५३,९९९ रुपये

आईच्या पापणीच्या ऑपरेशननंतर एका ‘रिकव्हरी’ केंद्रात मी किती भरले, ती रक्कम आधीच सांगते. नोंदणी २,५००. ‘स्टिम्युलेटर’, म्हणजे स्नायूला करंट देणारं यंत्र, १८,९००. प्रत्येकी १,१५० ची २४ सेशन्स म्हणजे २७,६००. ॲपचे वर्षाचे ४,९९९. एकूण ५३,९९९. त्यातले ३,४५० परत मिळाले, न झालेल्या ३ सेशन्सचे, तेही काउंटरसमोर दीड तास ठाण मांडल्यावर.

गळ्यात कसं मारतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. ‘आज भरलंत तर’, ‘दोनच स्लॉट उरलेत’, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चष्म्याच्या दुकानात मी १९ वर्षं मापं घेते, मिलिमीटरची पट्टी दिवसभर हातात असते. आणि माझ्याच आईची पापणी मी कुणाला तरी टक्क्यांत मोजू दिली.

आईचं वय ६८. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी उजवी पापणी उतरली. अशा पापणीत स्नायू बहुधा ठणठणीत असतो, त्याला पापणीशी जोडणारा पातळ पडदा तेवढा सैल पडतो किंवा सुटतो. आईचा स्नायू पापणीच्या ऑपरेशनआधीही १३ मिमी उचलत होता, म्हणजे चांगलाच. सर्जननं पडदा पुढे ओढून टाके घातले, संपलं. मग जो स्नायू कमजोर नव्हताच त्याची ‘रिकव्हरी’ कसली मोजायची? हा प्रश्न मला कार्ड स्वाइप करण्याआधी पडायला हवा होता.

पण माझीही बाजू ऐका. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात उजवी पापणी सकाळी जड, दुपारी बरी. आणि डावी, जिला कुणी हातही लावला नव्हता, तीच खाली आली. कोण घाबरणार नाही? सर्जन नेमके बाहेरगावी. केंद्रातला माणूस फोनवर म्हणाला, ‘नस दबत चाललीय, लवकर आणा.’ नस वगैरे काही नव्हतं. दोन्ही पापण्यांना मेंदूचा हुकूम सारखाच जातो. उजवी पडलेली असताना मेंदू जास्त जोर लावत होता, त्या जोरावर डावीही उचलून धरली जात होती. उजवी सुधारली, जोर कमी झाला आणि डावीचं खरं माप उघडं पडलं. सर्जननं परत आल्यावर हे दोन मिनिटांत समजावलं, फी न घेता. आणि उजवीचा सकाळचा जडपणा म्हणजे रात्रभर आडवं पडल्यानं साचलेली सूज. पहिले ४८ तास थंड शेक, टाके साधारण आठवड्यानं निघतात, काळंनिळं दोनेक आठवड्यांत उतरतं, पण उंची कायमची बसायला ६ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात पापणीचा निकाल देणारा माणूस एकतर अडाणी किंवा चोर.

आता ते चौथं सेशन. आठवलं की अजून कान तापतात. भुवईखाली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात जेल लावलेल्या चिकट चकत्या. करंट आला की आईचा डोळा मिटायचा. उघडायचा नाही, मिटायचा. टक, मिट. टक, मिट. मी विचारलं, ‘अहो, ही तर मिटतेय.’ पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, ‘मॅडम, स्नायू दमला की मग उघडतो.’ आणि मी मान डोलावली! पापणीच्या कातडीला लागूनच गोल पसरलेला असतो तो डोळा मिटणारा स्नायू, त्याची नस चेहऱ्याची, सातवी. उचलणारा खोल खोबणीतून येतो, त्याची नस वेगळी, तिसरी. कातडीवरचा करंट आधी मिटणाऱ्यालाच गाठणार. म्हणजे पापणी पाडायचा व्यायाम आम्ही २१ वेळा विकत घेतला. तिथेच चकत्या काढून उठले असते तर निदान १७ सेशन्सचे १९,५५० वाचले असते.

ॲपवर ‘लिड स्कोअर’, म्हणजे पापणीचे गुण, यायचा. ५८, मग ६४, मग ७१. कशाचे टक्के, कुणी सांगेना. यंत्र खोक्यात बंद करून ठेवलंय, तरी परवा स्कोअर ७९ चा ८१ झाला. फोटोंची लबाडी मला टिकलीनं कळली. आई रोज त्याच जागी टिकली लावते, भुवयांच्या रेषेच्या वर बोटभर. ‘आधी’च्या फोटोत टिकली वर, भुवया खाली. ‘नंतर’च्या फोटोत भुवया चढून टिकलीला भिडल्यात आणि कपाळावर तीन आठ्या. पापणी नव्हे, भुवई उचलायला लावली होती. शिवाय हनुवटी वर आणि फोन खालून. फोटोआधी कुणी ‘कोरडेपणासाठी’ थेंब टाकू लागला तर बाटली हातात घेऊन नाव वाचा. काही थेंबांनी पापणी तासा-दोन तासांपुरती एक-दोन मिमी वर जाते. बाहुलीही मोठी दिसली तर शंका घ्याच.

खरं मोजमाप १० रुपयांच्या पट्टीवर होतं. पेशंटसमोर डोळ्याला डोळा समपातळीत बसा. आपल्या डोळ्याजवळ छोटा टॉर्च धरा, तिला नजर सरळ ठेवायला सांगा. बुबुळावर उजेडाचा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत किती मिमी, एवढंच. साधारण ४ ते ५ असतं. आईचं ऑपरेशनआधी १ होतं, आता ३.५ आहे. स्नायूची ताकद पाहायची तर अंगठ्यानं भुवई हाडावर घट्ट दाबा, नजर पार खाली, मग पार वर, आणि पापणीची कड किती सरकली ते पट्टीवर वाचा. अंगठा सुटला की कपाळ मदतीला धावतं आणि आकडा फुगतो. फोटो काढायचा तर रोज त्याच वेळी, फोन डोळ्यांच्या उंचीवर, फ्लॅश चालू. पट्टी विसरली तरी मोठ्या माणसाच्या बुबुळाची रुंदी साडेअकरा ते १२ मिमी असते, तेच माप धरून हिशेब करता येतो. हे सगळं मला येतं. म्हणूनच जास्त चिडलेय.

पैशांपेक्षा वाईट म्हणजे केंद्रवाल्यांनी डोळ्यातलं रात्रीचं मलम बंद करायला लावलं. का, तर चकत्या चिकटत नाहीत! ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही आठवडे झोपेत डोळा बऱ्याचदा पूर्ण मिटत नाही, आईला दीड मिमी फट राहत होती. मलम गेलं, बुबुळाचा खालचा भाग सुकला. सर्जननं रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात दाखवलं, खाली हिरव्या ठिपक्यांची रांग. मलम चालू केल्यावर ९ दिवसांत भरलं. सर्जननं दिलेलं मलम दुसऱ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

आणि मग कचेऱ्या. पोलीस ठाण्यात सांगितलं, तुम्ही स्वखुशीनं भरलेत, हा दिवाणी मामला. सायबरच्या टेबलावर म्हणे ओटीपी तुम्हीच टाकलात. डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात उत्तर मिळालं की तो माणूस आमच्या यादीत नाही, म्हणून तक्रार घेता येत नाही. अहो, यादीत नाही हीच तर माझी तक्रार! पालिकेत विचारलं, खाटा किती? खाट एकही नाही, दोन खुर्च्या. मग ते रुग्णालय नाही, पुढच्या खिडकीवर जा. पुढच्या खिडकीवर जेवणाची सुट्टी. उपकरणांच्या खात्यात यंत्राचं पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे ‘वेलनेस सेवा’ लिहिलेली पावती, त्यावर यंत्राचा उल्लेखच नाही. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आलीत, खोक्यावर ना निर्मात्याचं नाव ना लायसन्स नंबर, हे मी तोंडपाठ म्हणून दाखवलं. साहेब म्हणाले, ‘लेखी द्या.’ लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का सापडेना. चार अर्धे दिवस बिनपगारी गेले, ते ५३,९९९ मध्ये धरलेलेच नाहीत.

शेवटी १९१५ वर फोन केला, ग्राहकांची हेल्पलाइन. तक्रार क्रमांक तरी मिळाला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही, मात्र २ वर्षांच्या आत जा. भरताना पावतीवर वस्तूचं नाव, मॉडेल आणि उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. लिहायला कां-कू केलं की तिथूनच मागे फिरा. रोज संध्याकाळी पापणी जास्त पडत असेल तर स्नायूंच्या दुसऱ्या आजाराची तपासणी करून घ्या. एकाएकी पडली आणि सोबत दोन-दोन दिसू लागलं किंवा एक बाहुली मोठी झाली तर कुठल्या केंद्रात नाही, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात.

यंत्र, पावती, ॲपचे स्क्रीनशॉट आणि ते दोन फोटो आयोगाच्या अर्जाला लावलेत. टिकलीभोवती लाल पेनानं गोल केलाय. ५०,५४९ अजून यायचेत.