जुन्या पिकअपच्या जागी कोणती घ्यावी? बोलेरो, योद्धा, बडा दोस्त की इंट्रा

आठ-दहा वर्षं भाजीपाला वाहिलेल्या पिकअपचे स्प्रिंगचे पाटे दर सीझनला बदलावे लागत असतील, घाटात क्लच जळल्याचा वास येत असेल आणि आरटीओच्या फिटनेसआधी पत्र्याच्या कामावर मोठा खर्च होत असेल, तर ती गाडी काढायची वेळ झाली आहे. सध्याचा काळही बरा आहे. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नऊ-दहा लाखांच्या गाडीत हा फरक पाऊण लाखाच्या आसपास जातो.

उदाहरणासाठी जुन्नर-आंबेगावचा टोमॅटो घेऊ. नारायणगावच्या मार्केटमधून माल भरायचा, रात्री निघायचं आणि पहाटे वाशीला उतरवायचा. या कामासाठी चार गाड्यांची नावं हमखास निघतात: महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, अशोक लेलँडची बडा दोस्त आणि टाटाचीच इंट्रा. शोरूमवाला हॉर्सपॉवरपासून सुरुवात करतो. तुम्ही हौद्यापासून करा.

हौदा आणि पासिंग

टोमॅटोचं क्रेट साधारण 54 सेंटिमीटर लांब आणि 36 रुंद असतं. आत वीस किलो माल आणि रिकाम्या क्रेटचं वजन धरलं की 22 किलो होतात. म्हणजे 1.3 टन पासिंगच्या, म्हणजे कागदावर तेवढाच माल मंजूर असलेल्या, गाडीत कायद्याने साठेक क्रेट बसतात, 1.7 टनात 77 आणि 2 टनात नव्वद.

आता ती रचायची कशी ते पाहा. हौदा साडेपाच फूट रुंद असेल तर क्रेट आडवी लावून रुंदीत तीन बसतात. नऊ फुटी हौद्याच्या लांबीत सात रांगा येतात, म्हणजे एका थरात 21. चार थरांत 77 क्रेट आरामात मावतात आणि वर ताडपत्री नीट आवळता येते. आठ-सव्वाआठ फुटी हौद्यात मात्र एका थरात 18 च बसतात. तेवढ्याच मालासाठी पाचवा थर चढतो, गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर ती झोल खाते. माल जास्त असलेल्या दिवशी लोक छोट्या गाडीत शंभर क्रेट भरतात तेही मी पाहिलं आहे. 1.3 टनाच्या गाडीवर ते 2.2 टन होतात. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20 हजार रुपये दंड आहे, शिवाय वरच्या प्रत्येक टनामागे 2 हजार. एकदा पकडलं की दोन-तीन खेपांची कमाई गेली. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाल्यावर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं.

म्हणून माझं ठाम मत: सीझनमध्ये नेहमी जेवढा माल भरता, तेवढं पासिंग असलेलीच गाडी घ्या. छोटी घेऊन रोज दाबून भरण्यात बचत नाही. लाखभर वाचवलेले असतात, ते पाटे, टायर आणि बेअरिंग दोन वर्षांत परत घेऊन जातात.

इथे एक कायद्याची रेघ लक्षात ठेवा. मालासकट एकूण वजन 3 हजार किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. बडा दोस्तची दोन मॉडेलं या रेघेच्या दोन बाजूंना आहेत. आय 3 चं एकूण वजन 2990 किलो आणि ती सुमारे 1.4 टन उचलते. आय 4 चं 3490 आणि ती 1860 किलोपर्यंत जाते. इंट्रा व्ही 50 दीड टन उचलूनही रेघेच्या आत राहते. परमिट आणि त्याचं नूतनीकरण टाळायचं असेल, तर आय 3 आणि व्ही 50 या दोन गाड्या आधी पाहा. पण 77 क्रेट भरायचे असतील तर परमिट काढायचंच, त्याला पर्याय नाही.

माल घाट उतरतो की चढतो?

हा प्रश्न शोरूममध्ये कुणी विचारत नाही. आपला माल देशावरून कोकणात उतरतो. माळशेज घ्या किंवा चाकण-तळेगावावरून बोरघाट घ्या, भरलेली गाडी खाली जाते आणि रिकामी क्रेट घेऊन वर येते. अशा कामात ओढण्यापेक्षा धरून ठेवणं महत्त्वाचं. दुसऱ्या गिअरवर इंजिनाने गाडी रोखली पाहिजे, नाहीतर अर्ध्या उतारातच ब्रेक तापून पेडल मऊ पडतं. पावसाळ्यात माळशेजला धुकं आणि दरडी असतात, तेव्हा तर उजवा पाय सतत ब्रेकवर ठेवून चालत नाही.

या बाबतीत मोठ्या इंजिनाची बाजू वरचढ. बोलेरोचं इंजिन अडीच लिटरचं, योद्धाचं 2.2 लिटरचं. बडा दोस्त आणि व्ही 50 ही दीड लिटरची इंजिनं आहेत. सपाट रस्त्यावर ती छान चालतात आणि डिझेलही कमी खातात, पण भरलेल्या उतारावर मोठं इंजिन जास्त धरतं. याउलट भिवंडीहून किराणा किंवा पाइप भरून वर आणायचा धंदा असेल तर ओढ पाहावी लागते. तिथे योद्धा पुढे आहे: 100 हॉर्सपॉवर आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क. बोलेरोचा टॉर्क मॉडेलप्रमाणे 200 ते 220, बडा दोस्तचा 190, व्ही 50 चा 220. टॉप स्पीडचा विचारच नको. मालगाड्या ताशी 80 किलोमीटरला बांधलेल्या असतात.

चौघींबद्दल थोडं मोकळेपणाने

बोलेरो पिकअप या वर्गात सगळ्यात जास्त खपते, त्यामागचं कारण साधं आहे. रात्री दोन वाजता मुरबाडजवळ गाडी बंद पडली तरी तिला हात लावणारा मेस्त्री सापडतो आणि स्पेअर तालुक्याच्या दुकानात मिळतो. नाशवंत माल असलेल्या माणसाला ही गोष्ट कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी. 2023 मध्ये आलेल्या मॅक्स मालिकेत 1.3 पासून 2 टनांपर्यंत पर्याय आहेत, आणि मोठ्या मॉडेलचा हौदा दहा फुटांपर्यंत जातो. विकतानाही तिला गिऱ्हाईक लवकर मिळतं. बसायला मात्र ती साधीच आहे आणि रिकामी असताना मागून उडते.

योद्धा 2017 ची, आणि 2022 मध्ये तिचं 2 टनांचं मॉडेल आलं. शेतापर्यंतचा रस्ता चिखलाचा असेल, बांधावरून माल काढावा लागत असेल, तर तिच्यात फोर बाय फोर मिळते हा मोठा फायदा. डबल केबिनचं मॉडेलही आहे. सोबत मजूर न्यायचे असतील तर डबल केबिनचा विचार जरूर करा, त्यात महिंद्राची कॅम्परही पाहा. हौद्यात क्रेटवर बसलेल्या माणसाला सहसा विम्याचं संरक्षण नसतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या घरावर येते.

बडा दोस्तचं केबिन चौघींत सगळ्यात आरामाचं. गिअरचा दांडा डॅशबोर्डवर असल्याने मधली जागा मोकळी राहते आणि ड्रायव्हरसह तिघं नीट बसतात. नाक आखूड, त्यामुळे गाडीच्या लांबीच्या मानाने हौदा मोठा मिळतो. ड्रायव्हर पगारी असेल आणि रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवत असेल, तर ही गाडी त्याला टिकवून ठेवते. घेण्याआधी एकच करा: तुमच्या मार्गावर तिचं सर्व्हिस सेंटर कुठे कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा.

इंट्रा ही गावातल्या, गल्लीतल्या कामाची. दूध, पशुखाद्य, किराणा, फर्निचर असा माल असेल तर 1300 किलोची व्ही 30 पुरते आणि अरुंद जागेत सहज वळते. व्ही 20 पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालते, पण तिची ताकद एक टनाचीच. सीएनजीचा हिशोब सपाट रस्त्याला आणि रोजच्या ठरलेल्या फेऱ्यांना छान बसतो. पहाटेचा बाजार गाठायचा असेल तर पंपावरच्या रांगेत गेलेला तासही त्या हिशोबात धरा.

टोमॅटो-वाशीसाठी मी 1.7 टनाची, नऊ फुटी हौद्याची बोलेरो घेईन. रस्ता फारच खराब असेल तर योद्धा.

कागद आणि खर्च

थर्ड पार्टी विम्यात या चौघींमध्ये फरक नाही. साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालगाड्यांना 2022 पासून 16,049 रुपये एकच दर आहे. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर यांतली कोणतीही गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. नव्या गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा आणि पुढे दरवर्षी करावं लागतं.

बीएस 6 गाडी पहिल्यांदाच घेत असाल तर सायलेन्सरमधल्या डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, माहिती ड्रायव्हरला नीट द्या. सतत चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की त्यात काजळी साठते आणि दिवा लागतो. मग गाडी काही वेळ एका लयीत, मोकळ्या रस्त्यावर चालवून ती काजळी जाळावी लागते. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढचा खर्च मोठा असतो. हायवेवर चालणाऱ्या गाडीला हा त्रास सहसा होत नाही.

जुनी गाडी एक्सचेंजला देताना डीलरचा आकडा आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाचा आकडा दोन्ही घ्या. एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी नंबर प्लेट आधी बसवून घ्या, नाहीतर आरटीओत काम अडतं. कर्ज फिटलेलं असेल तर फायनान्सकडून फॉर्म 35 आणि एनओसी घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गाडी दिली की काम संपलं असं समजू नका. नाव बदललेली आरसी डोळ्यांनी पाहा. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत त्या गाडीच्या अपघाताची भरपाई तुमच्याकडेच मागितली जाते, गाडी कुणीही चालवत असो.