अजिंक्यताऱ्याच्या चढावर पेसमेकर: नऊ महिने वापरल्यानंतर

कंपनी आणि मॉडेल विचारू नका, ते डॉक्टरांनी ठरवलं. पेसमेकर म्हणजे हृदयाचे ठोके कमी पडले की विजेच्या बारीक झटक्यानं ते चालू ठेवणारं मशीन. माझा दोन वायरींचा आहे, डाव्या खांद्याच्या हाडाखाली बसवलाय, आकार साधारण काडेपेटीएवढा पण चपटा. माझं वय 64, एसटीच्या वर्कशॉपमध्ये 33 वर्षं मेकॅनिक होतो. त्यामुळे मशीन कुठलंही असो, ते कसं चालतं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. छातीत बसवलेलं असेल तर विचारायलाच नको.

आधी झालं काय ते सांगतो. वर्षभर चक्कर यायची. राजवाड्यापाशी मेथीची जुडी घेताना एकदा डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी भाजीवालीच्या पाटीवरच बसलो. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात "पित्त आहे, अशक्तपणा आहे" म्हणून तीन महिने गोळ्या आणि टॉनिक चाललं. नाडी कुणी मोजलीच नाही. ती शेवटी मीच मोजली, मनगटावर बोट ठेवून आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून. मिनिटाला 38.

हृदयाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा बीपीची गोळी बदलली, कारण काही गोळ्यांनीच ठोके कमी होतात. थायरॉइड तपासलं. मग 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठोके नोंदवणारं यंत्र, लावला. त्यात रात्री एकदा चार सेकंद ठोकाच नाही असं निघालं. आजाराचं नाव सिक सायनस सिंड्रोम. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, वरून येणारी मोठी नस जिथं मिळते तिथं सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. तो ठिणगी टाकतो आणि त्या तालावर हृदय चालतं. माझा तो थकला होता. डॉक्टर समजावत होते, पण मला डिझेल गाडीच दिसत होती. इंजिन चांगलं, नोझल चांगले, पण स्लो रनिंगचं सेटिंग गेलेलं. सिग्नलला थांबली की बंद पडते आणि चढावर रेस घेत नाही.

हे "रेस न घेणं" लक्षात ठेवा, खरी गोष्ट तिथंच आहे.

ऑपरेशनचं फार लिहीत नाही. फक्त ती जागा बधिर करतात, दीडेक तास लागला, मी जागा होतो. आदल्या रात्री भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं की शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 1958 साली स्टॉकहोममध्ये लावला आणि तो काही तासांतच बंद पडला. मी म्हटलं, लेका, झोपायच्या वेळेला हे काय वाचतोस! पण तोच पेशंट, आर्ने लार्सन, वीसहून जास्त मशिनं बदलत 2001 पर्यंत जगला म्हणे. मग झोप लागली.

खरा त्रास नंतरचे सहा आठवडे. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वायरी सरकतात. बनियन घालणं अशक्य, पुढून बटणाचे शर्टच घालायचे. मी घाबरून हात हलवणंच सोडलं, तर खांदा आखडला. डॉक्टर चिडले, "काका, वर नेऊ नका म्हटलं होतं, बांधून ठेवा नाही!"

चक्कर मात्र पहिल्या दिवसापासून गेली ती गेलीच. नाडी 60 च्या खाली येत नाही.

तरी तिसऱ्या महिन्यात अजिंक्यताऱ्यावर निघालो आणि अर्ध्यातच धापा टाकायला लागलो. बसून नाडी मोजली, 76. एवढा चढ चढून 76? वर मारुतीला नमस्कार करून परत निघालो, उतरताना मजेत होतो, पुन्हा मोजली तर 104! चढताना कमी, उतरताना जास्त. हे उलटं कसं? आठ दिवस रोज मोजून वहीत लिहिलं. बायको म्हणाली, "आता लॉगशीट भरा रोजची."

ती वही तपासणीला नेली. पेसमेकर तपासणारा पोरगा हसलाच. मशिनीत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. छाती हलली की माणूस चालतोय असं समजून तो ठोके वाढवतो. चढताना आपण सावकाश, पाय दाबून चढतो, छाती फारशी हलत नाही. उतरताना टाच आपटते, सगळं अंग हादरतं. मशिनीला वाटतं गडी पळतोय. दम कशानं लागतो हे त्याला कळत नाही, हादरा तेवढा कळतो. सायकलवरही तेच, पाय फिरतात आणि छाती स्थिर. त्यानं छातीवर एक चकती ठेवली, लॅपटॉपसारख्या यंत्रावरून सेन्सर जरा तिखट केला. तपासताना थोडा वेळ वेग वाढवला, तर पडल्या पडल्या मी पळतोय असं वाटलं. विचित्र प्रकार.

आता चढताना नाडी 94-96 पर्यंत जाते. मधे एकदा थांबतो, पण वर पोचतो.

मला राग याचा आहे की हे सेटिंग बदलता येतं हे आधी कुणी सांगितलंच नाही. वही नेली नसती तर "वय झालं काका" एवढंच ऐकून घरी आलो असतो.

दुसरी एक गोष्ट मशिनीच्या मेमरीतून निघाली. मधूनच काही मिनिटं ठोके 140 च्या वर जातात, मला पत्ताही नसतो. या आजारात असं स्लो-फास्ट दोन्ही असतं. आधी फास्टला आवर घालायची गोळी दिली असती तर स्लो आणखी स्लो झालं असतं. आता खालची बाजू मशीन धरून ठेवतं, म्हणून गोळी सुरू करता आली. म्हणजे पेसमेकर बसला की गोळ्या बंद, असं समजू नका. तो हार्ट अटॅकही थांबवत नाही, बीपीही उतरवत नाही.

गल्लीत सल्लागार भरपूर. मिक्सर लावू नका, टीव्हीसमोर बसू नका. दोन्ही बिनधास्त चालतं. मोबाइल डाव्या खिशात ठेवायची सवय मात्र मोडावी लागली, वीतभर लांब ठेवतो आणि उजव्या कानाला लावतो. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन हात लांब. जुन्या दोस्ताच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग चालू असलं की मी बाहेर चहाला. पेसमेकरचं कार्ड पाकिटात, आधार कार्डाच्या मागं.

बॅटरी तपासणीत साडेनऊ वर्षं दाखवली. पोराला एक सांगून ठेवलंय, मी गेलो तर सरणावर ठेवायच्या आधी हे काढून घ्यायला सांग, बॅटरी आगीत फुटते. तो चिडून उठून गेला. पण सांगायला तर हवंच.

एक कोडं अजून बाकी आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटर नेली की नुसतं बसल्या बसल्या नाडी 90 होते. तेही लिहून ठेवलंय वहीत, पुढच्या तपासणीला दाखवणार आहे.