कॉन्सर्टची बॉडी, टेनरची दांडी: मडगावात घेतलेले युकुलेले

युकुलेले म्हणजे गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य; सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर हे त्याचे चढते आकार. सोप्रानो घ्यावे, कॉन्सर्ट घ्यावे की सरळ टेनर, हा प्रश्न ते घेणाऱ्या प्रत्येकाला पडतो. पण त्यात दोन वेगळे निर्णय एकत्र बांधलेले आहेत, हे मला दुसरे वाद्य घेताना उमगले. दांडीची लांबी बोटे पाहून ठरवावी, बॉडीचा आकार आवाज आणि बैठक पाहून. मडगावच्या एका दुकानातून गेल्या वर्षी आणलेले माझे वाद्य कॉन्सर्ट बॉडीचे आणि टेनर दांडीचे आहे, आणि एक पूर्ण पावसाळा वापरल्यानंतर मी त्याची मनापासून शिफारस करतो.

पहिले वाद्य सोप्रानो होते. नटपासून (दांडीच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंतच्या मोकळ्या तारेची लांबी, म्हणजे स्केल, सोप्रानोत साधारण 13 इंच, कॉन्सर्टमध्ये 15 आणि टेनरमध्ये 17 इंच असते. आकडे जवळजवळचे वाटतात. मात्र सोप्रानोवर पहिल्या पडद्याचे घर दोन सेंटिमीटरही भरत नाही आणि टेनरवर ते 24 मिलिमीटरचे होते. डी कॉर्डसाठी तीन बोटे दुसऱ्या घरात शेजारी शेजारी बसवताना माझी अनामिका हमखास ए तारेला टेकायची आणि ती तार मुकी व्हायची. ही दाटी नुसत्या लांबीने सुटत नाही, नटची रुंदीही मोजावी लागते. पुष्कळ वाद्यांत ती 35 मिलिमीटरच्या आसपास असते, माझ्या वाद्यात 38 आहे, आणि खरा आराम मला त्या तीन मिलिमीटरांनीच दिला.

मी मुख्यतः अभंग वाजवतो, तेही पांढरी 1 मध्ये, म्हणजे सी हा षड्ज धरून, आणि माझी निवड शेवटी यावरच ठरली. जी-सी-ई-ए या रूढ जुळणीत जी ही तार सीपेक्षा उंच असते, त्यामुळे षड्जाच्या खाली उतरायला जागाच राहत नाही. तिच्या जागी खालच्या जीची तार चढवली की मंद्र पंचम हाती येतो आणि कितीतरी चाली पूर्ण होतात. सोप्रानोवर ही तार ढिली पडून नुसती थरथरत होती. तीच तार त्याच स्वरात ठेवून स्केल 15 वरून 17 इंचांवर नेली की ताण सुमारे सव्वापट होतो, आणि मंद्र पंचम ठाम उभा राहतो. अर्थात तेवढा जोर बोटांनाही लावावा लागतो, म्हणून माझी नऊ वर्षांची मुलगी अजून सोप्रानोच वाजवते आणि तिच्यासाठी तेच योग्य आहे.

मग पूर्ण टेनरच का नाही? दुकानात दोन्ही वाद्ये पाऊण तास आलटून पालटून वाजवली, तेव्हा टेनरचा खर्ज निःसंशय अधिक गोल होता. परंतु मी चटईवर मांडी घालून पेटीच्या शेजारी बसतो, आणि टेनरची रुंद बॉडी उजव्या हाताखाली अवघडते. चवथीच्या आरतीत घुमट आणि शामेळ ही चर्मवाद्ये वाजू लागली की कोणत्याही आकाराचे युकुलेले ऐकू येत नाही, तेव्हा केवळ मोठ्या आवाजासाठी मोठी बॉडी घेण्यात मला अर्थ वाटला नाही. 1879 मध्ये मदेरा बेटावरील पोर्तुगीज स्थलांतरितांनी होनोलुलूला नेलेले वाद्यही लहानच होते. मोठे आकार 20 व्या शतकात आले. टेनरहूनही मोठ्या बॅरिटोनची जुळणी गिटारच्या उंच स्वरांच्या चार तारांसारखी असते, त्यामुळे गिटार वाजवणाऱ्याने त्याचा विचार करावा.

लाकडाबाबत मी थर चिकटवलेलीच बॉडी मागितली, कारण अखंड लाकूड आमच्या फोंड्याच्या आषाढातील दमटपणात फुगण्याची भीती असते.

दोष एकच, पण तो रोज जाणवतो: लहान बॉडीला लांब दांडी असल्यामुळे वाद्य डावीकडे झुकते आणि सूर धरणाऱ्या हातालाच त्याचा भार पेलावा लागतो. महिनाभराने त्याच दुकानात जाऊन तळाशी पट्ट्याचे बटण बसवून घेतले, तेव्हा कुठे अंगठा दांडीवर सैलपणे सरकू लागला.