‘द कार्स’ची पहिली एलपी आणि खान्देशातला उन्हाळा

‘द कार्स’ या बॉस्टनच्या बँडच्या पहिल्या एलपीवर, दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, एक सॅक्सोफोन वाजतो. लेबलापासून जेमतेम बोटभर अंतरावर. तो भरीव आणि गोल ऐकू आला, तर तुमचा प्लेअर नीट लावलेला आहे. फाटका, खरखरीत ऐकू आला, तर रेकॉर्ड परत पाठवण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा दोष सुईचा किंवा ती रेकॉर्डवर जितक्या वजनाने टेकते त्या वजनाचा असतो.

आधी संगीत. अल्बमचं नावही ‘द कार्स’च. जून १९७८ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने तो काढला. ध्वनिमुद्रण लंडनच्या एअर स्टुडिओत झालं आणि निर्माता होता रॉय थॉमस बेकर, म्हणजे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांतले आवाजांचे थर रचणारा माणूस. इथे त्याने तेच केलं, पण हात आखडून. ‘गुड टाइम्स रोल’मध्ये गिटार आणि ड्रम संथ, जवळजवळ आळसावलेले चालतात, कोरस आला की भिंतीएवढा गायकवृंद उभा राहतो आणि ओळ संपताच नाहीसा होतो. त्या दोन टोकांमधली जी मोकळी जागा आहे, तीच या अल्बमची खरी मजा. पंकचा तुटकपणा, पॉपची लक्षात राहणारी चाल आणि सिंथेसायझरचा थंड आवाज, हे तिन्ही एकत्र आलं की न्यू वेव्ह म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

गायक दोन आहेत, हे अनेकांना बऱ्याच ऐकण्यांनंतर कळतं. रिक ओकासेकचा आवाज तुटक, जरा अडखळल्यासारखा. बेंजामिन ऑरचा गुळगुळीत. ‘जस्ट व्हॉट आय नीडेड’ आणि दुसऱ्या बाजूची शेवटची तीन गाणी ऑरची. एलियट ईस्टनचे गिटारचे तुकडे छोटे आहेत, पण एकही सूर फुकट गेलेला नाही. ग्रेग हॉक्स सिंथेसायझर वाजवतो आणि तो शेवटचा सॅक्सोफोनही त्याचाच. डेव्हिड रॉबिन्सनने ड्रमसोबत सिनड्रम नावाचा इलेक्ट्रॉनिक ड्रम वापरला. आपल्याकडे लग्नाच्या बँडगाडीवर ऑक्टोपॅडमधून तो घसरत जाणारा ‘प्यूंऽऽ’ निघतो ना, त्याच जातीचा आवाज, फक्त इथे तो मोजून-मापून येतो.

सगळं सारखंच चांगलं नाही. पहिल्या बाजूचं चौथं गाणं आमच्या मते सगळ्यात कच्चं: चमत्कारिक आवाजांची गर्दी आहे, चाल हाती लागत नाही. पण नऊ गाण्यांत एक कच्चं, हा हिशेब पहिल्या अल्बमसाठी उत्तम आहे. अमेरिकेत तो बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत १८व्या क्रमांकापर्यंतच चढला, मात्र त्या यादीत तब्बल १३९ आठवडे टिकला.

आता एलपी म्हणून. पूर्ण अल्बम साधारण ३५ मिनिटांचा, म्हणजे एका बाजूला साडेसतरा मिनिटं. हे फार सोयीचं आहे. बाजू जितकी छोटी, तितक्या खाचा रुंद आणि खोल कापता येतात; बास दबत नाही, आवाजही मोठा मिळतो. बावीस-चोवीस मिनिटं कोंबलेल्या एलपीशेजारी ही वाजवली की फरक लगेच कळतो.

तरीही आतल्या खाचांची अडचण सुटत नाही. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ फक्त २१. तेवढ्याच सुरासाठी खाचेची वळणं तिथे दाटीने बसतात. जाड, गोल टोकाची सुई त्या वळणांत पूर्ण उतरत नाही. ‘स’, ‘श’ आणि झांजेचे आवाज चिरकतात. ‘मूव्हिंग इन स्टिरिओ’ संपता संपता त्याला जोडूनच ‘ऑल मिक्स्ड अप’ सुरू होतं आणि सॅक्सोफोन येतो, तो नेमका या दाटीत. म्हणून ही बाजू परीक्षेची.

स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा एटी-३६००एल कार्ट्रिज (सुई धरणारा, तिची थरथर विजेत बदलणारा छोटा भाग) आणि गोल टोकाची सुई असते. सुईचं रेकॉर्डवरचं वजन साधारण ३ ग्रॅम लागतं. काम चालतं, पण शेवटचं गाणं मळकं येतं. व्हीएम-९५ई बसवलं तर टोक लंबगोल मिळतं, वजन २ ग्रॅम. ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम. हे वजन अंदाजाने ठेवू नका. सोनाराच्या काट्यासारखा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती जास्त ओरबाडते. अँटी-स्केटिंग, म्हणजे सुईला आत ओढलं जाण्यापासून रोखणारी खुंटी, साधारण वजनाच्याच आकड्यावर ठेवा. फिएस्टासारख्या जुन्या प्लेअरचा सिरॅमिक पिकअप फार जड असतो. त्यावर ही रेकॉर्ड एकदाही लावू नये.

‘मूव्हिंग इन स्टिरिओ’मध्ये आवाज डावीकडून उजवीकडे फिरतात. एकाच ब्लूटूथ स्पीकरवर हे गाणं अर्धं मरतं. दोन स्पीकर हवेत आणि दोघांमधलं अंतर तुमच्या बसण्याच्या जागेपर्यंतच्या अंतराइतकंच. आवाज एकाच बाजूला अडकून राहिला, तर कार्ट्रिजमागच्या चार बारीक तारांपैकी एक बहुधा सैल झाली आहे.

गती तपासायला यंत्र लागत नाही. लेबलाच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि ३ मिनिटं मोजा: बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर वाजवणाऱ्यांनी हे जरूर करावं. एसी मोटरवाल्या प्लेअरची गती विजेच्या ५० हर्ट्झवर ठरते. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ती मोटर गुरगुरते. अडॅप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरला हा त्रास कमी. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर प्लेअरची अर्थची बारीक तार प्रीॲम्पच्या (प्लेअरचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या पेटीच्या) जीएनडी स्क्रूला घट्ट बसवली आहे का ते बघा. जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनच्या सॉकेटला पुष्कळदा अर्थच नसतो. तिथे आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एलपी मुंबई-पुण्याहून कुरिअरने मागवणार असाल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास किंवा वर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत तो ६० गाठतो. तेवढ्या उष्णतेत आडवी, दाबाखाली पडलेली रेकॉर्ड वाकते. पार्सल तापलेलं आलं तर लगेच वाजवू नका. सपाट जागेवर ठेवून पूर्ण गार होऊ द्या. वाकलीच, तर दोन जाड काचांमध्ये धरून वर सारखं वजन ठेवा आणि घरातल्या सावलीत आठ-दहा दिवस राहू द्या. उन्हात ठेवून सरळ करायला जाल, तर खाचाच बसतील.

पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीची खोली नको. रेकॉर्ड उभी ठेवा, तिरपी नाही. बाहेरचं कव्हर मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसीचं असेल तर काढून टाका. उष्णतेत त्यातून जे निघतं त्याने रेकॉर्डवर धुकट डाग पडतात. पॉलिप्रोपिलीनचं, चुरचुरणारं कव्हर चालेल.

कोरड्या हवेत रेकॉर्डवर स्थिर वीज साचते आणि काळ्या मातीची धूळ तिला चिकटते. मग गाण्यात टिचटिच. प्रत्येक बाजूआधी कार्बन फायबरचा ब्रश दोन फेरे फिरवा. धुवायची असेल तर बोअरचं पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चार भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, रंग-वास नसलेल्या भांडीसाबणाचे दोन थेंब. खाचेच्या दिशेनेच पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा, लेबल कोरडं ठेवा. घरात आजोबांच्या नाट्यगीतांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर हे मिश्रण त्यांना चुकूनही लावू नका. अल्कोहोल लाख विरघळवतं.

जुनी अमेरिकन प्रत घेणाऱ्यांनी लेबलावर ६ई-१३५ हा क्रमांक बघावा. रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरा, आणि दुसऱ्या बाजूची शेवटची बोटभर पट्टी नीट न्याहाळा. बाहेरच्या खाचा काळ्या चकचकीत आणि ती पट्टी मात्र राखट दिसत असेल, तर आधीच्या मालकाने ती जड किंवा झिजलेल्या सुईने वाजवली आहे. त्या प्रतीतला सॅक्सोफोन कोणत्याही कार्ट्रिजने परत येत नाही.