जनगणना की होमस्टेडची फाइल? पश्चिमेकडे गेलेल्या बाईचा माग काढताना

अमेरिकेत पश्चिमेकडे नेब्रास्का किंवा कॅन्ससला गेलेल्या पणजीच्या आईचा शोध सुरू करताना आधी काय उघडायचं, जनगणनेची पानं की होमस्टेडची (सरकारी जमिनीवर राहून, ती कसून मालकी मिळवण्याच्या योजनेची) फाइल, हा प्रश्न अनेकांना पडतो.

खर्चात जनगणना सरस. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढलं की पानं घरबसल्या दिसतात. होमस्टेडच्या पेटंटची (जमिनीच्या मालकीपत्राची) नोंद सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते, पण पूर्ण फाइल बहुतेकदा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून शुल्क भरून मागवावी लागते. त्यासाठी भूमी कार्यालय, प्रमाणपत्र क्रमांक आणि जमिनीचं वर्णन (टाउनशिप, रेंज, सेक्शन हे मोजणीचे विभाग) पेटंटवरून आधी उतरवून घ्या.

नाव सापडण्याचं गणित वेगळं. १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, म्हणजे बायको नुसती वयोगटातली एक खूण. १८८० मध्ये आईवडिलांची जन्मस्थळं मिळतात, १९०० मध्ये किती मुलं झाली आणि किती जिवंत तेही. १८९० ची पानं मात्र जवळपास सगळी नष्ट झाली, आणि नेमकी लग्नं, स्थलांतरं १८८० ते १९०० या वीस वर्षांच्या फटीत हरवतात. वयावर तर विसंबूच नका. दोनतीन वर्षांचा फरक नेहमीचा.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने विधवा, अविवाहित किंवा घटस्फोटित बाईला स्वतःच्या नावाने दावा करता येई. तिच्या फाइलमध्ये तिची आणि दोन साक्षीदारांची जबानी असते: घर, विहीर, नांगरलेली जमीन, मुलं. नवरा हयात असेल तर सहसा त्याच्याच नावाने शोधा.

नुसता वंशवृक्ष जुळवायचा तर जनगणना पुरते. ती एकटी जमीन कसत होती असा संशय असेल, तर फाइलवर पैसे घाला.