हेल्मेट बदललं, आवाज तसाच राहिला: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

घर साताऱ्यात, नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत. पाळीच्या वेळा बसला जुळत नाहीत म्हणून आठवड्यातून तीन दिवस बाईक. जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, आणि जवळजवळ सगळे महामार्गावरचे. मार्चमध्ये नवं हेल्मेट घेतलं. आता आठ महिने झाले, साडेदहा हजार किलोमीटर झाले. एक कडक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा त्याने बघितला, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

हेल्मेट कुठल्या कंपनीचं ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नाव वाचतात आणि मागवून टाकतात. माझ्या डोक्याला बसलं म्हणून तुमच्या डोक्याला बसेलच असं नाही, आणि मला जे काही सांगायचंय ते याच्याच भोवती आहे.

त्याआधी दोन वर्षं मी दादाचं हेल्मेट वापरत होते. एल साइज. माझ्या डोक्यावर ते पातेल्यासारखं बसायचं. ऐंशीच्या पुढे गेलं की वाऱ्याने मागे सरकायचं आणि पट्टा गळ्याला लागायचा. आनेवाडी टोलनाक्याच्या पुढे ट्रकला ओलांडताना मान वळवून मागे बघायचं, तर डोकं वळायचं आणि हेल्मेट समोरच बघत राहायचं. उजव्या डोळ्यासमोर काळं अस्तर! तरी मला वाटायचं, हेल्मेट असंच असतं. शिवाय घरी पोचल्यावर तासभर कानात रातकिडे. आई स्वयंपाकघरातून काहीतरी विचारायची आणि मी तीनदा ‘काय?’ म्हणायचे. खरेदीला कारण हेच झालं. मला ‘शांत’ हेल्मेट हवं होतं.

डोकं मोजायची पद्धत सोपी आहे. शिंप्याची टेप घ्यायची, भुवयांच्या साधारण एक बोट वर आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग येईल अशी फिरवायची. तीनदा मोजायचं, सगळ्यात मोठा आकडा धरायचा. माझा आला ५६ सेंटीमीटर. दादाचं हेल्मेट ५९-६० चं. म्हणजे दोन वर्षं मी जवळजवळ दोन साइज मोठं हेल्मेट घालून फिरत होते.

पण टेप फक्त घेर सांगते, आकार सांगत नाही. कुणाचं डोकं वरून बघितलं तर गोल असतं, कुणाचं पुढून मागे लांबट. घेर सारखा असला तरी एकाला बसलेलं दुसऱ्याला चावतं. पुण्यातल्या दुकानात पहिलं हेल्मेट घातलं तेव्हा पाच मिनिटं स्वर्ग होता. दहाव्या मिनिटाला कपाळाच्या मधोमध कुणीतरी अंगठा दाबून धरलाय असं वाटायला लागलं. काढून आरशात बघितलं, तर बरोबर तिथेच लाल गोल. दुकानदार म्हणाला, “ताई, वापरून सैल होतं.” गालाच्या गाद्या सैल होतात हे खरं आहे. पण कपाळाला जे टोचतं ते आतलं थर्मोकोल असतं, आणि ते सैल होत नसतं. काही जण चमच्याने दाबून खड्डा करतात म्हणे. अपघातात डोक्याचा मार खायला जी वस्तू ठेवलीय, ती आधीच चेपून ठेवायची ही कसली अक्कल!

तिसरं हेल्मेट बसलं. दुकानात वीस मिनिटं घालून बसले, दुकानदाराने दोनदा घड्याळ बघितलं, बघू दे. कपाळाला सगळीकडून सारखा दाब, टोचणं कुठेच नाही. गाल मात्र असे वर आले की दोन्ही बाजूंना एकेक कंदी पेढा धरलाय. बोलताना आतून गाल चावला जात होता. तोच दुकानदार आता म्हणाला, “एक साइज मोठं घ्या, कान दुखतील.” तिथे मी ऐकलं नाही ते बरं झालं. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवलं तर गालाची आणि कपाळाची कातडी बरोबर फिरत होती. पट्टा लावून मागच्या कडेला बोटं घालून पुढे उपसायचा प्रयत्न केला, निघालं नाही. या दोन परीक्षांत जे पास होईल ते घ्यावं. तिसऱ्या आठवड्यात पेढे विरघळले, आता गाल नीट बसतात. तेव्हा मोठं घेतलं असतं तर आज पुन्हा पातेलंच झालं असतं.

केस लांब असणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. अंबाडा किंवा उंच पोनी घालून हेल्मेट मोजू नका. मागून ते बोटभर उचललं जातं आणि सगळी मापं खोटी ठरतात. मानेच्या खाली सैल वेणी, ती जॅकेटच्या आत. दुकानातही तशीच वेणी घालून जायचं. आणि डोक्याला तेल लावलं असेल त्या दिवशी आत पातळ सुती टोपी, नाहीतर अस्तराला खोबरेल तेलाचा असा वास लागतो की कुणाला तात्पुरतं घालायला द्यायची लाज वाटते.

किंमत ६,८०० रुपये. आयएसआय आहे, शिवाय युरोपचं ईसीई २२.०६ हे मानक सुद्धा, ज्यात तिरका फटका बसल्यावर डोकं किती गरकन फिरतं हेही तपासतात. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. तरी रस्त्याकडेच्या ढिगातल्या टोपल्यांवरही आयएसआयचं स्टिकर असतंच. शंका असेल तर स्टिकरवरचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, नंबर सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. वजन खोक्यावर १,५०० ग्रॅम छापलंय. मी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवलं, १,५६० भरलं. वाण्याने विचारलं, “काय भाव लावू?”

आता आवाज. पहिल्याच दिवशी लिंब खिंड ओलांडली, ऐंशी गाठले आणि माझं तोंड उतरलं. आवाज तेवढाच! डोकं हलत नव्हतं, मान दुखत नव्हती, मागे बघताना काळं अस्तर दिसत नव्हतं, सगळं छान. पण कानापाशी तीच धडधड, जणू कुणी पत्र्यावर चादर झटकतंय. सहा हजार आठशे रुपये मोजून मला तोच आवाज जास्त घट्ट पॅकिंगमध्ये मिळाला होता. दोन आठवडे मी मनातल्या मनात हेल्मेटलाच शिव्या दिल्या.

उलगडा अपघातानेच झाला. भुईंजच्या पुढे रस्ता मोकळा होता, पाय आखडले म्हणून फुटरेस्टवर क्षणभर उभी राहिले. धडधड एकदम बंद. त्याऐवजी नुसतं ‘सूंऽऽ’, एकसारखं. खाली बसले, पुन्हा धडधड. उभी राहिले, पुन्हा सूंऽऽ. म्हणजे दोष हेल्मेटचा नव्हताच, बाईकच्या समोरच्या काचेचा होता! छातीला वारा लागू नये म्हणून दादाने गॅरेजमधून एक उंच पारदर्शक विंडशील्ड बसवून घेतलं होतं. त्याच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा भोवरे घेत नेमका माझ्या कानाच्या उंचीवर आदळत होता. दादा माझ्यापेक्षा अर्धा फूट उंच, त्याला तो गळ्यापाशी लागत असणार. रविवारी ॲलन चावीने चार स्क्रू काढले आणि विंडशील्ड माळ्यावर टाकलं. आता छातीला वारा लागतो, शंभरच्या वर हात भरून येतात, पण डोक्याला मिळतो तो सरळ, स्वच्छ वारा. माझ्या मते या आठ महिन्यांतली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि तिला पैसा एकही लागला नाही.

राहिलेला आवाज येतो तो हनुवटीखालून. कुणालाही करून बघता येईल. सुरक्षित जागी, सरळ रस्त्यावर, मागे कुणाला बसवून त्याला हनुवटीखालची फट हाताने झाकायला सांगा. कुणीतरी रेडिओ कमी केल्यासारखं वाटतं. हेल्मेटबरोबर कापडाचा एक छोटा पडदा आला होता, हनुवटीपाशी खोचायचा. मी तो खोक्यातच ठेवला होता, उन्हाळ्यात कोण लावतंय म्हणून! तो लावला आणि गळ्याभोवती नळीसारखा मफलर घातला, फट बरीच बुजली. एप्रिल-मेमध्ये मात्र मफलर काढावाच लागला. सुरूर फाट्याच्या आसपास दुपारी दोनला गळ्याभोवती काही असणं म्हणजे शिक्षाच.

मग शिट्टी. पंचाहत्तरला सुरू व्हायची, पंच्याऐंशीला बंद व्हायची, शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुकरसारखी. ती निघाली डोक्यावरच्या हवेच्या झडपेतून. अर्धवट उघडी ठेवली की वाजते. पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवली की नाही. काच नीट बसतेय का तेही एकदा बघून घ्या. कागदाची पट्टी काच आणि रबराच्या मध्ये धरून काच लावायची आणि पट्टी ओढायची. माझी डावीकडून सहज सुटून आली. काचेच्या बिजागरीचे स्क्रू ढिले करून ती जरा मागे सरकवली, पुन्हा आवळले. आता पट्टी फाटते पण सुटत नाही. पावसाचं पाणी आत यायचं तेही थांबलं.

इतकं सगळं करूनही हेल्मेट शांत झालेलं नाही. होणारही नाही. महामार्गाच्या वेगाला जवळजवळ कुठल्याही हेल्मेटच्या आत नव्वद डेसिबलच्या पुढे आवाज सहज जातो, आणि तो इंजिनाचा नसून वाऱ्याचा असतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने घातलेली मर्यादा ८५ डेसिबल, तीही आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास. माझा एका बाजूचा प्रवास सव्वा तासाचा. कंपनीत मशीनपाशी दहा मिनिटं उभं राहायचं तरी इअरप्लग घालायला लावतात, सेफ्टीवाले साहेब कान तपासतात, आणि त्याच कंपनीत मी सव्वा तास उघड्या कानांनी वाऱ्याचा मार खाऊन हजर व्हायचे! डोक्यात प्रकाश पडायला सहा महिने लागले.

आता फोमचे इअरप्लग घालते. वीस-पंचवीस रुपयांना जोडी मिळते. पाकिटावर २९ डेसिबल छापलेलं असतं, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं धरावं, तेही नीट घातले तर. प्लग चिमटीत बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, प्लग आत सारायचा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता बाहेर टेकवला तर हेल्मेट घालताना गालाची गादी घासून प्लग निघून येतो. हॉर्न ऐकू येत नाहीत ही भीती मलाही होती. येतात, उलट वाऱ्याचा गोंगाट गेल्यामुळे मागच्या ट्रकचा वेगळा कळतो. खंबाटकीच्या बोगद्यात ट्रकच्या बरोबरीने जाताना आधी मी दात आवळून बसायचे, आता नाही. गावात शिरताना मात्र काढून ठेवते. पोवई नाक्यावर कोण कुठून येईल ते कानाने आधी कळलेलं बरं.

आता तक्रारी. पावसाळ्यात काचेवर आतून धुकं धरतं. पिनलॉकसाठी, म्हणजे धुकं अडवणाऱ्या आतल्या दुसऱ्या काचेसाठी, खुंट्या दिल्यात, पण ती काच वेगळी विकत घ्यावी लागली, हजाराच्या वर गेली. आधीच घ्यायला हवी होती. शिरवळहून परतताना जुलैच्या एका संध्याकाळी घाटात काच अर्धी उघडी ठेवून, डोळ्यांत पाऊस घेत वर चढले, त्यानंतर घेतली. गाद्या काढून धुता येतात. सौम्य शाम्पू, बादलीभर पाणी, सावलीत वाळवण. पण ऑगस्टमध्ये दोन दिवस वाळल्या नाहीत आणि उजव्या गादीचं एक प्लास्टिकचं बटण तिसऱ्या धुण्यात तुटलं. कंपनीला दोन मेल केले, उत्तर नाही. फेव्हिक्विकने चिकटवलंय. काचेवर बारीक चरे पडलेत, त्याला मीच कारण, ओढणीने पुसायची सवय.

गेल्या महिन्यात दादा घरी आला होता. त्याला पकडून बसवलं आणि टेप लावली. साडेसत्तावन्न. एल साइज आठ वर्षं घालतोय. म्हटलं, “दादा, तुलाही मोठं होतंय ते.” म्हणाला, “असू दे गं, मला सवय झालीय.” मग जिन्यात गेला, हेल्मेट घातलं, आणि खाली जाईपर्यंत दोनदा हाताने पुढे ओढलं.