आकडा बघायचा की लाटा?

भुलेच्या वेळी मेंदूवर लक्ष ठेवणारा मॉनिटर घ्यायचा ठरला की पुढचा प्रश्न येतो: त्यावर बघायचं काय? हल्ली बहुतेक मॉनिटरवर दोन्ही असतं. मधोमध बीआयएससारखा (भूल किती खोल ते 0 ते 100 मध्ये सांगणारा, 100 च्या जवळ म्हणजे जागा) मोठा आकडा, आणि एखाद-दुसऱ्या बटणाआड कच्चा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेच्या लाटा, आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे त्या लाटांचा वेगवार रंगीत नकाशा. बहुतेक जण ते बटण दाबतच नाहीत. मीही कित्येक वर्षं दाबलं नव्हतं.

आधी आकड्याची बाजू, कारण ती कच्ची नाही. आकडा शिकावा लागत नाही. 40 ते 60 मध्ये ठेवायचा, एवढंच. रात्री अडीच वाजता रेसिडेंट फोनवर "सर, 52 आहे" म्हणाला की आपण कूस बदलून झोपू शकतो. "अल्फा जरा फिका वाटतोय" (अल्फा म्हणजे भुलेत दिसणारी एक लाट) म्हणाला तर उठून जावं लागतं. शिवाय मोठे अभ्यास झाले ते मुख्यतः आकड्यावर. 2004 च्या बी-अवेअर या अभ्यासात भुलेत जाग येण्याचा धोका जास्त असलेले 2463 पेशंट होते. त्यात बीआयएस लावलेल्या गटात 2 जणांना शस्त्रक्रियेच्या मधलं काही आठवलं, दुसऱ्या गटात 11 जणांना.

पण 2011 च्या बॅग-रिकॉल या अभ्यासात समोरचा गडी तगडा होता, एंड-टायडल गॅसचा (श्वासाबाहेर येणाऱ्या भुलेच्या गॅसचा) अलार्म. तिथे मधलं आठवणारे बीआयएसकडे 7 आणि गॅसकडे 2. म्हणून सेवोफ्लुरेन या भुलेच्या गॅसवर केस चालवत असाल आणि 0.7 मॅकचा (मॅक म्हणजे गॅसच्या मात्रेचं माप) खालचा अलार्म खरोखर चालू ठेवत असाल, तर या वादात फार डोकं घालू नका असं माझं मत. खरी गरज टिवामध्ये, म्हणजे गॅसऐवजी शिरेतून भूल देताना. भुलेचं प्रोपोफॉल शिरेत जातंय की कॅन्युला निसटून ड्रेपखाली गादी भिजतेय, हे सांगणारा एंड-टायडल तिथे नसतो.

माझा आकड्यावरचा विश्वास उडाला तो अशाच एका टिवाच्या केसमध्ये. पोटाची लांबलेली शस्त्रक्रिया, स्नायू सैल करणाऱ्या रिलॅक्सन्टचा असर ओसरत आलेला. आकडा 45 वरून चढत 68 वर गेला. सर्जनने मान वर करून विचारलं, "जागा होतोय का हो?" मी प्रोपोफॉल वाढवलं. आकडा ढिम्म. आणखी वाढवलं. बीपी 80 वर आलं, मग त्यासाठी वेगळी धावपळ. तेवढ्यात पोट ताठ लागतंय म्हणून सर्जननेच रिलॅक्सन्ट मागितला. तो दिला, आणि दोनेक मिनिटांत आकडा धाडकन 31 वर. त्या वेळी प्रोपोफॉल मी उलट कमी करत होतो. म्हणजे इतका वेळ मी ज्याला भूल देत होतो तो मेंदू नव्हता, कपाळाचे स्नायू होते.

ईएमजीचं, म्हणजे स्नायूंची वीज आकड्यात मिसळण्याचं, हे प्रकरण आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. स्क्रीनवर त्याची पट्टीही असते. पण समोर 68 दिसला की हात पंपाकडेच जातो, पट्टीकडे डोळा जात नाही. केस संपल्यावर स्पेक्ट्रोग्राम मागे नेऊन पाहिला. 10 हर्ट्झच्या आसपासचा अल्फाचा पट्टा आणि तळाचा संथ डेल्टा सुरुवातीला जागचे हललेच नव्हते. वर, 30 हर्ट्झच्या पलीकडे, तेवढा लाल धूर पसरला होता. आणि मी प्रोपोफॉल चढवत गेल्यावर त्याच पट्ट्यात काळ्या उभ्या रेघा उमटल्या होत्या, सप्रेशनच्या, म्हणजे लाटा मधूनमधून सपाट पडल्याच्या. आकडा भूल हलकी म्हणत होता तेव्हा पेशंट गरजेपेक्षा खोल गेला होता. सगळं समोरच होतं, फक्त त्या बटणाआड.

याची उलट बाजू जास्त भीतीदायक आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जाग्या स्वयंसेवकांना भुलेचं कुठलंही औषध न देता नुसता रिलॅक्सन्ट दिला, आणि पूर्ण शुद्धीत असताना त्यांचा बीआयएस 60 च्या खाली गेला. हे वाचल्यापासून रिलॅक्सन्ट दिल्यावर येणारा सुंदर 45 मला तितकासा सुंदर वाटत नाही.

केटामीन या भुलेच्या औषधाचंही तसंच. थोडंसं दिलं तरी आकडा वर जातो, कारण जलद लाटा वाढतात. स्पेक्ट्रोग्रामवर ते केटामीनचं म्हणून ओळखू येतं, आकड्यात ते आणि जाग येणं सारखंच दिसतं. शिवाय आकडा मागच्या काही सेकंदांच्या हिशेबातून येतो, त्यामुळे इन्डक्शनला, म्हणजे भूल चढवताना, तो कायम आपल्या मागेच असतो.

लाटांचेही दोष आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. डोळा बसायला वेळ लागतो. मला पन्नासेक केस लागल्या असाव्यात. वयस्कर पेशंटमध्ये अल्फा मुळातच फिका असतो, तिथे मी आजही अडखळतो. कॉटरी (सर्जनचं विजेवर चालणारं हत्यार) दोघांनाही सारखीच आंधळी करते. आणि सप्रेशन टाळलं की म्हाताऱ्या माणसांचा नंतरचा डिलिरियम (भ्रम) कमी होईल ही आशा 2019 च्या एंगेजेस या अभ्यासात फळली नाही: 1232 पेशंटमध्ये ईईजी बघून भूल दिलेल्या गटात 26 टक्के, नेहमीच्या गटात 23. तेव्हा लाटा बघितल्याने पेशंट सकाळी ताजातवाना उठेल असं मी कुणाला सांगत नाही. शुद्ध हरपली आहे की नाही हे दोन्हींपैकी कुणीच थेट सांगत नाही, ते तर आहेच.

टीममध्ये सतत नवी माणसं येत-जात असतील, बहुतेक केसेस गॅसवर होत असतील, तर आकडा पुरेल. त्यात कमीपणा काही नाही. टिवा जास्त करत असाल, किंवा रिलॅक्सन्टशिवाय चालवत असाल, तर मी म्हणेन लाटा शिका. घेताना फक्त एवढं पाहा की स्पेक्ट्रोग्राम मुख्य पानावर कायमचा लावता येतो का, की दर केसला मेनूत शिरून शोधावा लागतो. मेनूत शिरावं लागलं तर तुम्ही तो बघणार नाही.

पहिला महिना मी आकड्यावर मायक्रोपोर चिकटपट्टीचा तुकडा चिकटवला होता. लाटा बघून मनात अंदाज धरायचा, मग तो तुकडा उचलून ताडून पाहायचं. ताळा चुकला की ईएमजीची पट्टी बघायची. बरेचदा गडबड तिथेच निघायची.